घडीचा महागडा चाकू: वापरलेला घ्या आणि वापरा, कपाटात ठेवायचा असेल तर घेऊच नका

कोलशेत_खाडी (धागाकर्ता)

चाळीस हजारांचा चाकू म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. कुणाला मारायचाय? आणि वेड लागलंय का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी हा धागा.

मी बोलतोय ते खिशात मावणाऱ्या घडीच्या चाकूंबद्दल. ख्रिस रीव्हचा सेबेंझा, स्पायडर्कोचा पॅरामिलिटरी २, बेंचमेडचा ९४० वगैरे मंडळी. नवा सेबेंझा अमेरिकेतच चारशे-पाचशे डॉलरच्या घरात जातो. तेवढे पैसे नव्यावर घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. वापरलेल्यावर घालावेत.

कारण सांगतो. या चाकूची मूठ म्हणजे टायटॅनियमच्या दोन पाट्या. त्यातल्या एका पाटीतूनच कापून काढलेली पट्टी पात्याच्या बुडामागे येऊन बसते, तेच लॉक. ही रचना रीव्हनेच रूढ केली, आज निम्मं जग तीच वापरतं. यात लपवण्यासारखं काही नाही. जे झिजतं ते डोळ्यांना दिसतं, जे डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं. मुठीवर ओरखडे पडले की भाव दणकन उतरतो, काम मात्र तेच राहतं. मग ओरखड्यांचे पैसे आपण का भरायचे?

घेताना काय बघायचं: पातं उघडा, टोक एका हातात, मूठ दुसऱ्या हातात, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. किंचितही खटखट नको. लॉकची पट्टी पात्याच्या बुडावर कुठवर सरकलीय ते पाहा. पाव ते निम्मी असेल तर निर्धास्त घ्या. पार पलीकडच्या पाटीला टेकली असेल तर मालकाने दिवसभर टीव्हीसमोर खटॅक-खटॅक केलंय, नमस्कार करून निघा. बंद केल्यावर पातं दोन पाट्यांच्या मधोमध उभं राहिलं पाहिजे. स्क्रूची तोंडं गोलावली असतील तर चुकीच्या पान्याने उघडलाय. आणि पात्याची रुंदी कंपनीच्या फोटोशी ताडून पाहा, ग्राइंडरवर निम्मं पातं खाऊन टाकलेले महाभाग असतात.

नकली ओळखायची एक युक्ती. सेबेंझाच्या बिजागरीत मापात घासलेली नळी असते. स्क्रू गच्च आवळला तरी पातं तितकंच मऊ फिरतं आणि हलतही नाही. नकलेत गच्च आवळलं की पातं अडकतं, सैल सोडलं की डुगडुगतं. विक्रेता पाना लावू देत नसेल तर पुढे बोलू नका.

आता देखभाल. आमच्याकडे खाडीचा वारा, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल. टायटॅनियमला काही होत नाही, पण बिजागरीतल्या ब्राँझच्या चकत्या हिरव्या पडतात आणि पात्यावर टाचणीएवढे ठिपके येतात. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा खोलून पुसायचा. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याचा एक थेंब पुरतो. खोबरेल लावू नका, ते थंडीत थिजतं, नंतर चिकट होऊन वास मारतं. आणि चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

वापरायचं काय, असं विचाराल. कुरियरची खोकी, सुतळी, आंब्याच्या पेटीच्या पट्ट्या, पेन्सिल, सफरचंद, झाडांची छाटणी. रोज. बोला आता.

पंत_पाचपाखाडी

वाचून धन्य झालो. सुतळी कापायला चाळीस हजार! आमच्या हिच्याकडे विळी आहे, तिच्यावर नारळही खवला जातो, तुमच्या सेबेंझावर खवून दाखवा. जांभळी नाक्याला चांगली सुरी शंभराच्या आत मिळते, बोथट झाली की धारवाल्याला द्यायची, मोडली की दुसरी. तुम्ही जी तपासणी लिहिलीत ना, तेवढी आम्ही जावई बघताना केली नव्हती.

गंभीरपणे बोलायचं तर हा शुद्ध मिरवायचा माल आहे. काम हा बहाणा. खोकं उघडायला किल्ली पुरते.

कोलशेत_खाडी

पंत, मिरवायचा असता तर नवा घ्या म्हटलं असतं. किल्लीने खोकं उघडून बघा आणि किल्लीचे दात बघा.

वकिली_चष्मा

धाग्यात कायद्याचा उल्लेखच नाही, म्हणून लिहितो. घरात ठेवण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात पाचव्या वर्गात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांच्या सुऱ्या-तलवारी येतात, त्यातही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वगळल्या आहेत. तुमच्या मोठ्या सेबेंझाचं पातं साडेतीन इंचांच्या थोडं पुढे, धाकट्याचं तीनच्या आत. म्हणजे तिथे तुम्ही सुटलात.

पण खिशातल्या चाकूला "रोज" हा शब्द धोक्याचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली ठाणे आयुक्तालयात मनाई आदेश वरचेवर निघतात: सण, निवडणूक, मोर्चा, कारण काहीही. त्यात सुऱ्या येतातच, शिवाय शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू येते. त्या काळात स्टेशनवर झडती झाली तर पात्याची लांबी किती हा मुद्दा उरतच नाही. कोयता बाळगल्याच्या बातमीखाली "३७(१) सह १३५" असं छापतात ते हेच, १३५ हे शिक्षेचं कलम. ऐरोलीला पोहोचलात की नवी मुंबईचं आयुक्तालय, त्यांचे आदेश वेगळे.

आणि कृपया नेटवरून "दिल्लीत ७.६२ सेंटिमीटरपर्यंत चालतं" असं कुणी इथे चिकटवू नका. ती १९८० ची अधिसूचना दिल्लीची आहे, बटणाच्या आणि गरारीच्या, म्हणजे दात्यांवर अडत उघडणाऱ्या, चाकूंबद्दल आहे.

कोलशेत_खाडी

मान्य, साहेब. माझं "रोज" हे घर, गच्चीवरच्या कुंड्या आणि ऑफिसातलं टेबल एवढ्यापुरतं. लोकलमध्ये मीही नेत नाही.

पंत_पाचपाखाडी

म्हणजे खिशातला चाकू, पण खिशात ठेवायचा नाही. वा!

नेरुळची_सुगरण

पंत, तुमच्या विळीला माझा पाठिंबा, पण वेगळ्या कारणाने. घडीच्या चाकूने खायचं कापू नये या मताची मी आहे. मग तो शंभराचा असो की चाळीस हजारांचा. हापूस कापला की रस पात्यावरून ओघळून बिजागरीत जातो. तिथे तो वाळतो, मुंग्या लागतात, आणि चाकू उघडताना किरकिरतो. भाऊ, तुम्ही सफरचंद आणि कुरियरचं खोकं एकाच पात्याने कापता? त्या चिकटपट्टीचा गोंद पात्यावर बसतो, तो पाण्याने जात नाही. वापरलेला चाकू घेतलात तर आधीच्या मालकाने काय काय कापलं ते कोण सांगणार? मासळी? पाल मारलेली?

कोलशेत_खाडी

ताई, म्हणूनच पूर्ण खोलता येणारा घ्यावा. खोलायचे पाने कंपनी सोबतच देते. खोलायचा, साबणाच्या पाण्यात धुवायचा, वाळवायचा, जोडायचा. चहा गार व्हायच्या आत होतं. गोंदाला थोडं पेट्रोल किंवा स्पिरिट, मग साबण. तुमची विळी पाटापासून कधी सुटी करून धुतलीय?

नेरुळची_सुगरण

विळीला आतलं असं काही नसतंच. तोच माझा मुद्दा.

तुर्भे_टूलरूम

पंतांचा धारवाला वाचून जीव कासावीस झाला. शंभराच्या सुरीला ठीक आहे. चांगल्या पात्याची धार कागदासारखी पातळ, कोरड्या चाकावर धरली की क्षणात तापते. पिवळसर झाक आली म्हणजे दोनशे अंशांच्या पुढे गेली, निळी आली म्हणजे तीनशेच्या आसपास. तिथलं पाणी, म्हणजे स्टीलचा कडकपणा, उतरलं. नंतर कितीही पाजवा, धार टिकणार नाही. आणि रंग पॉलिश करून घालवता येतो! म्हणून धागाकर्त्याचं "जे झिजतं ते दिसतं" हे मला पटत नाही. जुन्या पात्याचं पाणी उतरलंय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाही कळत नाही. घेऊन महिनाभर वापरल्यावर कळतं.

दुसरं, धार घरी लावायची तर दगड कोणता? अशा पात्यांत येणारं एस३०व्ही हे स्टील २००१ चं, क्रूसिबल कंपनीने रीव्हशी सल्लामसलत करून बनवलेलं. भुकटीपासून घडवलेलं, त्यात साधारण ४ टक्के व्हॅनेडियम. व्हॅनेडियमचे कार्बाइड, म्हणजे स्टीलमधले कठीण कण, नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असतात. म्हणजे घरच्या सहाणेवर तासभर घासलंत तर दगड झिजेल, कार्बाइड हसतील. डायमंडची पट्टी घ्या. प्रत्येक बाजूला १७ ते २० अंश. धारेला आधी मार्करने काळं करा, दोनदा घासा, काळं कुठून गेलं ते बघा: नेमक्या धारेवरून गेलं तर कोन बरोबर. पलीकडच्या बाजूला नखाला खरखर लागली की बाजू बदला. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढा, धार पुढे ठेवून ढकललीत तर चामडं कापाल.

मॅग्नाकट नावाचं २०२१ चं स्टील आता नव्या सेबेंझात येतं. गंजाला जास्त टिकतं. खाडीकाठी राहणाऱ्याने त्यासाठी नवा घेतला तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

कोलशेत_खाडी

पाण्याचा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून मी कंपनीची मूळ धार शिल्लक असलेलाच बघतो. वापरलेला पण न पाजवलेला. असे पुष्कळ मिळतात, कारण घेणारे कपाटात ठेवतात.

पामबीच_संग्राहक

कपाटवाल्यांवर घसरलात म्हणून लिहितो. मी त्यातला. माझ्याकडचे निम्मे चाकू मी एकदाही पाजवलेले नाहीत आणि पाजवणारही नाही. खोकं, चाकू बनल्याच्या तारखेचं कार्ड, मूळ धार, हे तिन्ही असलं तर त्याला भाव आहे. तुम्ही ज्या "न पाजवलेल्या वापरलेल्या" चाकूच्या शोधात असता ना, तो आमच्यासारख्यांच्या कपाटातूनच येतो. सगळ्यांनीच आंब्याच्या पेट्या फोडल्या असत्या तर तुम्हाला काय मिळालं असतं?

शिवाय क्रूसिबलने डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्यांच्या स्टीलच्या जुन्या पात्यांचा भाव आता वाढणारच.

तुर्भे_टूलरूम

इरास्टील कंपनीने २०२५ मध्ये क्रूसिबलची मालमत्ता विकत घेतली. स्टीलचा फॉर्म्युला कंपनीबरोबर मरत नाही. त्या आशेवर पैसे अडकवू नका.

पामबीच_संग्राहक

फॉर्म्युला मरत नाही, पण पात्यावरचा शिक्का बदलतो. संग्रह करणारा शिक्क्याचे पैसे देतो.

कोलशेत_खाडी

तेच तर! तुम्ही शिक्का घेता, मी पातं. पण तुमच्या कपाटात दमट हवेत खोक्यातला फोम ओल धरतो, हे तरी बघा. पाच वर्षांनी उघडाल तेव्हा मूळ धारेवर मूळ गंज असेल.

पामबीच_संग्राहक

सिलिका जेलच्या पुड्या आहेत. दर पावसाळ्यात तव्यावर गरम करून परत भरतो. तुमच्यापेक्षा माझी देखभाल जास्त आहे.

येऊरचा_भटक्या

दोघंही श्रीमंतांची भांडणं भांडताय. मी ओपिनेल आठ नंबर वापरतो, कार्बन स्टीलचा. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, १९५५ पासून तीच फिरवायची कडी. लॉक म्हणून पुरेशी. सहाणेवर सहज धार लागते, टूलरूमवाल्यांच्या डायमंडची गरज नाही. लिंबू कापलं की पातं काळपट पडतं, पडू दे. एकच त्रास: पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते आणि पातं उघडत नाही. मग मूठ दगडावर आपटायची. येऊरच्या पावसात माकडं बघत असतात.

जड काम नसेल तर व्हिक्टोरिनॉक्स. १८९७ पासून तो लाल चाकू निघतोय, नवाही परवडतो, त्यामुळे वापरलेला शोधायची भानगडच नाही. तुमच्या चाळीस हजारांत असे डझनभर तरी येतील.

कोलशेत_खाडी

ओपिनेलवर टीका करणार नाही, माझ्या कुंड्यांपाशी तोच असतो. पण व्हिक्टोरिनॉक्सच्या छोट्या चाकूंना लॉक नसतं. ओल्या हाताने लाकडात टोक रुतलं आणि पातं बोटांवर मिटलं की स्वस्ताईचा हिशोब बदलतो.

येऊरचा_भटक्या

टोक लाकडात रुतवायचंच कशाला? लॉक नाही म्हणून मी जपून वापरतो. तुम्ही लॉकवर विसंबून निष्काळजी होता.

वकिली_चष्मा

एक व्यावहारिक प्रश्न. बिघडला तर? देशात अधिकृत दुरुस्ती केंद्र नाही. अमेरिकेत आयडाहोला, रीव्हच्या कारखान्यात, चाकू कुरियरने पाठवायचा आणि परत येताना कस्टमला समजावत बसायचं. वापरलेल्याच्या बाजूने जो बचतीचा हिशोब मांडलाय त्यात हे धरलंय का?

कोलशेत_खाडी

धरलंय. म्हणूनच लॉकची पट्टी आधी बघा म्हटलं. स्क्रू, चकत्या, क्लिप हे कुणी अमेरिकेहून येणारं असेल तर मागवता येतं. लॉक गेलं तर मात्र पैसे गेले, हे गृहीत धरूनच बोली लावा. मी नव्याच्या निम्म्यापेक्षा वर जात नाही, कार्ड असो वा नसो.

पामबीच_संग्राहक

निम्म्यात? ठाण्यात कुणी देणार नाही तुम्हाला.

नेरुळची_सुगरण

भावाचं जाऊ दे. टूलरूमवाले दादा, आमच्या ह्यांच्या जुन्या स्पायडर्कोचा स्क्रू हलत नाही. तोंड अजून गोल झालेलं नाही. जोर लावू का?

तुर्भे_टूलरूम

अजिबात नको ताई. आत स्क्रू सैल पडू नये म्हणून लावलेला निळा गोंद असणार. सोल्डरिंग आयर्न तापवून टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा, पात्याला लावू नका. मग नेमक्या मापाचा चांदणीचा पाना, वरून अंगठ्याने दाबून, हळू. सुटला की डब्याच्या झाकणात ठेवा, फरशीवर पडला तर मिळायचा नाही. आणि आत आंब्याचा रस निघाला तर इथे फोटो टाका, पंतांना दाखवायला.

पंत_पाचपाखाडी

टाकाच. आणि विळी वापरत असाल तर तिचाही टाका.