मदत हवी आहे: वॉर्डात शिकवलेलं इन्सुलिन घरी गेल्यावर का विसरलं जातं?

मी मेडिसिन वॉर्डात नर्स आहे. नव्याने इन्सुलिन सुरू झालेल्या पेशंटना डिस्चार्जआधी शिकवायचं काम माझ्याकडे असतं. प्रत्येकाला जेमतेम दहा-बारा मिनिटं मिळतात.

आधी मी करून दाखवते, मग त्यांच्याकडून करवून घेते आणि "आता मला तुमच्या शब्दांत सांगा" असं म्हणते. तिथे बहुतेकांना नीट जमतं. पण फॉलोअपला आल्यावर पोटावर एकाच जागी गाठी दिसतात. जागा बदला असं सांगितलेलं असतं, तरी जिथे दुखत नाही तिथेच टोचत राहतात. आणि गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, मग साखर वरखाली होते. मला जास्त काळजी वाटते ती साखर 70 च्या खाली गेल्यावर काय करायचं ते न आठवण्याची. 15 ग्रॅम ग्लुकोज, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, एवढंच, पण घाम आणि थरथर सुरू झाली की सगळं विसरतात.

चित्रांचा कागद देऊन पाहिला, तो घडी करून फाइलमध्येच राहतो. नातेवाइकाला सोबत बसवते, पण घरी इंजेक्शन देणारी व्यक्ती बऱ्याचदा वेगळीच निघते. काहींना वाचता येत नाही. फोनवर पाठपुरावा करायची सोय नाही आणि डोस डॉक्टरच ठरवतात, त्याबद्दल विचारत नाहीये.

या कामात असलेल्यांनी सांगा: पहिल्या दहा मिनिटांत नेमकं काय शिकवायचं आणि काय फॉलोअपवर ठेवायचं? आणि जागा बदलायची सवय लागावी म्हणून न वाचणाऱ्या पेशंटसाठी तुमच्याकडे कोणती खूण किंवा पद्धत चालली?