मेलिंग लिस्टवरची अनोळखी मेल: माणसाने बघायची की मशीनने परस्पर फेकायची?

खाजन (धागाकर्ता)

आमची मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची एक जुनी मेलिंग लिस्ट आहे, म्हणजे एका पत्त्यावर लिहिलं की मेल सगळ्या सभासदांना पोचते. पणजी, फोंडा, मडगाव, म्हापसा इथली मंडळी, शिवाय नोकरीसाठी बाहेर गेलेले काही. चालवणारे दोघे, दोघेही फुकट. त्यांतल्या एकाने परवा जाहीर केलं की यापुढे सभासद नसलेल्याची मेल माणसाने बघण्यासाठी रांगेत थांबवणार नाही, थेट कचऱ्यात. सभासदाची असली तरी स्पॅमअसॅसिनने (मेल किती संशयास्पद ते गुणांत सांगणारं सॉफ्टवेअर) ५ गुण दिले की तीही कचऱ्यात. कुणी बघायचं नाही, कुणाला कळवायचं नाही.

माझा याला विरोध आहे. स्पॅमअसॅसिनचे ५ गुण म्हणजे 'ही स्पॅम असावी' एवढंच. ते सॉफ्टवेअर स्वतः काही फेकत नाही, मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे माथ्यावरच्या तांत्रिक ओळींत, शेरा मारून पुढे सोडतं. फेकायचं आपण ठरवतो.

त्यात आपण गोव्यातले. जगभरचे फिल्टर ज्या शब्दांना दचकतात ते आपल्याकडे रोजच्या बोलण्यातले: कॅसिनो, हॉटेल बुकिंग, व्हिला भाड्याने, पासपोर्ट, व्हिसा. कळंगुटच्या एका हॉटेलात काम करणाऱ्याने लिस्टला विचारलं होतं की बुकिंग सांभाळायला ओपन सोर्समध्ये काही आहे का. मेल फोनवरून पाठवलेली, नुसती एचटीएमएल. खाली हॉटेलची भलीमोठी सही, सहीत तीन लिंका आणि 'ऑफ सीझन डिस्काउंट'. गुण किती पडले असतील ते सांगायला नको. तो सभासदही नव्हता. रांगेत अडकली म्हणून निदान दिसली तरी. आज तोच माणूस इतरांना उत्तरं देतो.

आणि देवनागरीचं काय? मराठीत विषय लिहिला की मेलच्या पोटात ती ओळ '=?यूटीएफ-८?बी?' अशी सुरू होते आणि पुढे नुसतं अक्षरांचं गचपण. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचे हेडर तपासायचे नियम ही ओळ उलगडून वाचत नाहीत, कच्चीच वाचतात. आमच्या सर्व्हरवर कुठून तरी उचलून आणलेली एक जुनी नियमांची फाइल होती. चिनी आणि रशियन स्पॅम अडवायला कुणीतरी तिथल्या कॅरॅक्टर सेटची (अक्षरांच्या सांकेतिक संचांची) नावं घातलेली, आणि त्याच ओळीत देवनागरीसकट सगळ्या लिप्यांसाठी वापरला जाणारा यूटीएफ-८ही. म्हणजे इंग्रजीत विषय लिहाल तर आत, मराठी-कोंकणीत लिहाल तर बाहेर. रोमीत (रोमन लिपीतल्या कोंकणीत) लिहिणारे मात्र सुटले!

मशीनने वर्गवारी करावी, शेवटचा हात माणसाचा असावा, असं माझं म्हणणं. तुम्हाला काय वाटतं?

डिचोलीकर

असहमत. ज्याने ही घोषणा केली तो मी नव्हे, पण एक लिस्ट मीही सांभाळतो आणि मी हेच केलं असतं.

'शेवटचा हात माणसाचा' म्हणायला छान वाटतं. कुणाचा हात? रोज रात्री जेवून झाल्यावर मेलमनचं (लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) ते राखाडी पान उघडून, प्रत्येक मेलसमोर स्वीकारा, नाकारा, फेका यांतलं एक टिंब दाबत बसणारा माणूस आणायचा कुठून? पहिला महिना हौस असते. मग आठवड्यातून एकदा. मग गणपतीची चवथ येते, सगळे गावच्या घरी, मूर्तीवर फळापानांची माटोळी बांधायला. परत येऊन बघावं तर रांगेत शेकड्याने साचलेलं, आणि त्यात असली तर एखादी खरी मेल. तुम्ही ती खरंच शोधता? मी सांगतो काय होतं. 'सगळं फेका'वर टिक आणि सबमिट. म्हणजे मेल फेकली गेलीच, वर पाठवणारा बिचारा वाट बघत राहिला.

लिस्टवर लिहायचं असेल तर सभासद व्हावं. नाव-पत्ता द्या, आलेल्या मेलला होकार द्या, झालं. एवढंही ज्याला जमत नाही त्याच्यासाठी दोघांनी रात्री जाळायच्या? बाहेरच्याला हवं तर एक आपोआप उत्तर जाऊ दे: 'ही लिस्ट सभासदांसाठी आहे, इथे नोंदणी करा.'

मानकुराद

ते आपोआप उत्तर तेवढं बंद ठेवा, डिचोलीकरबाब. स्पॅममधला 'प्रेषक' बहुतेक वेळा खोटा असतो. दुसऱ्याच कुणाचा तरी पत्ता चिकटवलेला. तुमचं नम्र उत्तर जातं त्या तिसऱ्याच माणसाला, ज्याने तुम्हाला काही लिहिलेलंच नाही. असं रोज घडलं की तुमचाच सर्व्हर काळ्या यादीत जातो आणि मग खऱ्या सभासदांची मेलही पोचत नाही. मेलमनमध्ये 'अडवली' आणि 'नाकारली' या दोन्हींचे निरोप बाहेर जातात, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

खरी जागा लिस्टच्या आधीची आहे. समोरचा सर्व्हर मेल द्यायला दारात उभा असतानाच 'नको' म्हणायचं. मग पाठवणाऱ्याला कळवायचं काम त्याच्याच सर्व्हरचं, आपण कुणाला काही लिहायला जात नाही. माणूस खरा असेल तर त्याला परत आल्याचं कळतं, स्पॅमर असेल तर तो ऐकायला थांबतच नाही. फेकण्यापेक्षा हे केव्हाही बरं, कारण मेल गुपचूप गायब होत नाही.

आरस्पॅमडी या दुसऱ्या स्पॅम फिल्टरमध्ये तर मुळातच पायऱ्या आहेत. ४ गुणांवर 'थोड्या वेळाने ये', ६ वर नुसता शेरा, १५ वर थेट नकार. या 'थोड्या वेळाने ये'ला ग्रेलिस्टिंग म्हणतात. खरा सर्व्हर काही मिनिटांनी परत येतो, फुटकळ स्पॅम यंत्रं येत नाहीत. तोटा एवढाच की मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर दुसऱ्यांदा वेगळ्याच पत्त्यावरून येतात, मग मेल कधी कधी तासन्‌तास लटकते.

आणि खाजन, शब्दांचं तुमचं बरोबर आहे, पण त्याला औषध आहे. स्पॅमअसॅसिनचा शिकणारा भाग २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल दाखवल्याशिवाय कामालाच लागत नाही. लोक उत्साहाने स्पॅम शिकवतात, चांगल्या मेल शिकवायच्या राहून जातात. तुमच्या लिस्टचं जुनं संग्रहण हाताशी आहे ना? त्यातला कचरा वेगळा काढा आणि उरलेलं मराठी, रोमी, पोर्तुगीज मिश्रण त्याला चांगलं म्हणून शिकवा. मांडवीतल्या कॅसिनोबद्दल चार धागे वाचले की तो त्या शब्दाला घाबरायचं सोडतो.

डिचोलीकर

दारातच नकार वगैरे ठीक. पण आमची लिस्ट भाड्याच्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवर आहे. पोस्टफिक्सला हात लावता येत नाही, आरस्पॅमडी तर दूरच. मिळतं काय, तर मेलमनचं पान आणि फिल्टर चालू-बंद करायचं एक बटण. गोव्यातल्या अर्ध्याअधिक लहान गटांची हीच गत असणार.

पाटोवाला

टेलिग्रामवर या. मेल कोण वाचतं हल्ली?

तिसवाडी

पाटोवाला, टेलिग्रामवर जुना प्रश्न शोधून दाखवा, मग बोलू. एरर जशीच्या तशी सर्चमध्ये टाकली आणि कुणाच्या तरी फार जुन्या मेलमध्ये उत्तर सापडलं, हे इथल्या प्रत्येकाने अनुभवलंय. आपल्याकडे १९९४ सालची गोवानेट ही मेलिंग लिस्ट होती म्हणून आखातातले आणि लंडनचे गोंयकार एका जागी बोलू लागले. मेलचा हा गुण तुमच्या चॅटमध्ये नाही.

माझा मुद्दा वेगळा. सभासदत्वाची सक्ती ही लहान गटांची सवय आहे. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लिस्टवर लिहायला सभासद व्हावं लागत नाही. फक्त एचटीएमएल मेल चालत नाही, ती परत जाते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या बहुतेक लिस्टही बाहेरच्यासाठी उघड्या आहेत. एखाद्याला एकच बग कळवायचा असतो, त्यासाठी आयुष्यभराची मेल कोण ओढवून घेईल? डेबियनने स्पॅमचा भार वाचकांवर वाटून टाकलाय. संग्रहणातल्या प्रत्येक मेलवर 'ही स्पॅम आहे' कळवायचं बटण आहे, मग विश्वासातली माणसं बघून ती काढतात.

रच्याकने, कुणी जुन्या मेलमनच्या संग्रहणातून स्पॅम उपटायला जात असेल तर सावध. मेल काढून संग्रहण नव्याने बांधलं की पुढच्या सगळ्या मेलांचे क्रमांक सरकतात आणि बाहेरून दिलेल्या लिंका भलत्याच पानावर जातात. मेल तिथेच ठेवायची, आतला मजकूर पुसून 'काढला' असं लिहायचं.

सांगेची

मी विद्यार्थिनी आहे. एका लिस्टवर पहिल्यांदा लिहिलं, 'तुमची मेल मॉडरेटरच्या मंजुरीसाठी थांबली आहे' असं उत्तर आलं. ते शेवटचं. नंतर तोच प्रश्न दुसरीकडे विचारला. लिस्ट उघडी असो नाहीतर बंद, मला फक्त हो की नाही ते त्या आठवड्यात कळायला हवं होतं.

डिचोलीकर

सांगेची, तुमचा अनुभव माझ्याच बाजूचा! रांग म्हणजे खोटी आशा.

तिसवाडी, डेबियनकडे लिस्ट सांभाळणारा वेगळा चमू आहे. त्यांची नक्कल दोन माणसांनी करायची म्हणजे कठीण काम. पण तुम्ही एक मान्य करा, आताचा स्पॅम तुमच्या-माझ्यापेक्षा शुद्ध लिहितो. आधी रीतसर सभासद होतो, चार दिवस गप्प बसतो, मग जुन्या धाग्यातलं वाक्य उचलून 'मलाही हीच अडचण आली होती' लिहितो आणि शेवटी एक लिंक. एसपीएफ (मेल त्या पत्त्याच्या परवानगीच्या सर्व्हरवरून आली का) बरोबर, डीकिम (सर्व्हरची डिजिटल सही) बरोबर, गुण शून्याच्या आसपास. एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचं प्रकरण आठवतंय ना, २०२४ च्या मार्चमधलं? त्यात कुणी चोरून ठेवलेलं मागचं दार सापडलं तेव्हा लोकांनी जुन्या मेल काढून बघितल्या. २०२२ मध्ये त्याच प्रकल्पाच्या लिस्टवर खोट्या नावांनी, थकलेल्या सांभाळकर्त्याला टोचणाऱ्या मेल आल्या होत्या: काम होत नसेल तर दुसऱ्याला द्या. कुठला फिल्टर त्याला स्पॅम म्हणणार होता?

खाजन

म्हणजे फिल्टरवर विसंबून चालणार नाही हे तुम्हीच म्हणताय! मग ५ गुणांवर परस्पर फेकायचं कशाच्या जोरावर? जी मेल पकडायला हवी तिला शून्य गुण आणि कळंगुटवाल्याला सात.

मानकुराद

दोघेही थोडं थांबा, एक गोष्ट राहून जातेय. खरे सभासद सर्वांत जास्त गमावले ते स्पॅममुळे नव्हे, स्पॅम रोखायच्या नियमांमुळे. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांना डीमार्कचा (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा) कडक नियम लावला: सही जुळली नाही तर मेल नाकारा. लिस्ट तर विषयात आपलं नाव घालते, खाली तळटीप जोडते, म्हणजे डीकिमची सही मोडते. याहूवाल्याने लिस्टवर एक मेल लिहिली की जीमेलसारखे सर्व्हर ती नाकारणार. मेलमनला वाटणार की या जीमेलवाल्यांचेच पत्ते मेले, आणि तो त्यांचं सभासदत्व थांबवणार. लिहिलं एकाने, हकालपट्टी दुसऱ्यांची! यावर मेलमनमध्ये प्रेषकाच्या जागी लिस्टचा पत्ता घालायची सोय आहे. ती चालू आहे का ते दोघांनीही आधी बघा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल पाठवणाऱ्यांकडे आणखी काटेकोर बघतं. ही सोय शेअर्ड होस्टिंगवरही मेलमनच्या पानातच असते.

डिचोलीकर

बघितलं. बंद होती. आता चालू केली, मानकुरादबाब, उपकार.

मूळ वादात मी अर्धं पाऊल मागे येतो. नव्या सभासदाची पहिली मेल थांबवायची, माणसाने बघायची, बरी वाटली की त्याच्या नावावरची 'आधी तपासा' ही खूण काढायची, पुढे तो मोकळा. गप्प बसून लिंक टाकणारा तिथेच सापडतो आणि रांगही लहान राहते. पण सभासद नसलेल्यांना माझा नकार कायम. आणि तीन दिवस कुणी रांग बघितलीच नाही तर काय, याचं उत्तर खाजनने अजून दिलेलं नाही.

खाजन

देतो. रोज एकदा अडकलेल्या मेलांची यादी मॉडरेटरना आपोआप जाते, ती आम्ही दोघांऐवजी पाच जणांना पाठवू. लिस्टअॅडमिन नावाची छोटी आज्ञावली आहे, तिने टर्मिनलवरून एकेक अक्षर दाबत रांग उरकते, ब्राउझर उघडावा लागत नाही. आणि चवथीच्या आठवड्यापुरता आमचा लिस्बनचा सभासद बघायला तयार आहे, त्याला कुठे माटोळी बांधायची आहे! सभासद नसलेल्यांच्या मेल १० गुणांपर्यंत रांगेत, त्यापुढे फेका, मी काही बोलणार नाही.

डिचोलीकर

१० नव्हे, ८. आणि लिस्बनवाल्याला मॉडरेटरचा पासवर्ड द्या, अॅडमिनचा नको. मेलमनमध्ये दोन्ही वेगळे ठेवता येतात.