पुणे ते मुंबई, हायवे टाळून: शांत सायकलमार्ग कसा आखता? (अनुभव धागा)

कॅरियरवाली
कपाट आवरताना जुना घडीचा नकाशा सापडला. पौडपासून रोह्यापर्यंत पेन्सिलीची रेघ, घडीवर कागद विरलेला. म्हणून हा धागा. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी, जुन्या हायवेवर खंडाळ्याचा उतार ट्रकांच्या रांगेत. माझी रेघ अशी: पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, कोलाड, रोहा, रेवदंडा, अलिबाग, मांडवा, पुढे रो-रोने (गाड्या नेणारी बोट) मुंबईचा भाऊचा धक्का. दोनशे किमीच्या आसपास, दोन दिवस, मुक्काम कोलाड किंवा रोहा. बारकावे टाका. 'लय भारी रूट' एवढंच लिहायचं असेल तर नुसता अंगठा द्या.

सूसकर
चांदणी चौक-भूगाव-पिरंगुट नकोच. सकाळी सातनंतर कंपन्यांच्या बसगाड्या आणि डंपर. सूस, नांदे, चांदे, मुलखेड, घोटावडे असं जा आणि पौड रस्त्याला लागा. थोडं लांब पडतं, पण पिरंगुटचा घाट वाचतो. अंधारात निघा, सातच्या आत पौड मागे टाका. शांतता निम्मी रस्त्याची आणि निम्मी घड्याळाची असते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी ताम्हिणी म्हणजे जत्रा, मंगळ-बुधवार बघा.

दातेमोजणी
पुणे ते मुंबई याच दिशेने करा. ताम्हिणीपर्यंत चढ हप्त्याहप्त्याने येतो. उलट आलात तर विळ्याहून पाचशे मीटरच्या आसपास एकदम अंगावर.

गिअरचं गणित: सर्वात हलका गिअर पुढे 34 दाते, मागे 34 असा असेल तर पेडलच्या एका फेरीत चाकाची एक फेरी, म्हणजे सुमारे 2.1 मीटर. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसात किमी. सामान लादून चढायला हा वेग पुरतो. पुढचं सर्वात लहान चक्र 38 दात्यांचं आणि मागचं मोठं 28 चं असेल तर त्याच लयीला दहा किमीचा वेग लागेल, गुडघे बोलतील. पुढचं बदलण्यापेक्षा मागची कॅसेट (दात्यांच्या चक्रांचा संच) 32 किंवा 34 ची टाकणं स्वस्त. फक्त मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढे दाते झेपतात का ते विचारा, आणि चेन एक-दोन कड्यांनी लांब लागेल. आखूड चेन पुढच्या-मागच्या दोन्ही मोठ्या चक्रांवर गेली की डिरेलरच खेचून मोडते.

भजीप्रेमी
पौडला मिसळ कुठे बरी?

दातेमोजणी
चढाआधी मिसळ? चढावर कळेल.

भजीप्रेमी
दादा, चढ कसा का असेना, मिसळ हवीच 😄

उतारभाऊ
चढाची चर्चा सगळे करतात, माणूस पडतो उतारावर. ताम्हिणीहून विळ्याकडे उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. चाकाच्या कड्यावर दाबणारा रिम ब्रेक असेल तर रिम तापते, आतली हवा फुगते, टायर कडेवरून निसटतो आणि ट्यूब फुटते. वळणाच्या आधी जोरात दाबा, वळणात सोडा, सरळ पट्टीत रिम गार होऊ द्या. दर तीनेक किमीला थांबा. डिस्क ब्रेकवाल्यांनी ब्रेकच्या पॅडची जाडी बघून निघा, एक मिमी उरली असेल तर आधी बदला. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं, कडा सोडून चाला. 32 मिमी रुंदीच्या टायरला हवा मागे 65-70 पीएसआय, पुढे पाच-सात कमी.

नकाशेबाज
ॲप जवळचा रस्ता दाखवतं, शांत नाही. आधी सॅटेलाइटवर रस्त्याची रुंदी बघा, मग हीटमॅपवर (लोकांच्या नोंदवलेल्या फेऱ्यांचा नकाशा) सायकलवाले खरंच तिथून जातात का ते. घाटातल्या चढाचा आकडा डोळे झाकून मानू नका. उंचीची माहिती चौकोनी तुकड्यांत असते. कड्याला चिकटलेला रस्ता कधी वरच्या तुकड्यात पडतो, कधी खालच्या, त्यामुळे सपाट पट्टीतही दातेरी चढ दिसतात आणि बेरीज फुगते. ट्रॅक फोनमध्ये उतरवून घ्या, मुळशीच्या पुढे रेंज जाते. वळणांची नावं कागदावरही लिहा. त्याला चार्जिंग लागत नाही.

शिंगरोबाभक्त
रस्ता आखणं म्हटलं की शिंगरोबा आठवायलाच हवा. बोरघाटाची, म्हणजे खंडाळ्याच्या घाटाची वाट इंग्रजांना दाखवली ती या धनगराने, अशी आख्यायिका. जुन्या घाटरस्त्यावर त्याचं देऊळ आहे, ड्रायव्हर अजून नाणी टाकतात. 1830 साली तो घाटरस्ता सुरू झाला. ॲप कसलं, माणूस विचारला त्यांनी.

कॅरियरवाली
भाऊ, तो घाट टाळायलाच धागा काढलाय 😀

रोह्याची
कोलाडला गोवा हायवेशी गाठ पडते तेवढीच, लगेच रोह्याला वळा. रोह्याहून दोन वाटा. अष्टमीचा पूल ओलांडून सुडकोली-रामराज करत अलिबाग, किंवा कुंडलिका नदीच्या याच काठाने चणेरा, साळाव आणि खाडीपूल ओलांडून रेवदंडा. मी दुसरी सांगेन. साळावला मात्र कारखान्याच्या अवजड गाड्या असतात. पुढे चौल-नागाव-आक्षी रस्ता अरुंद, दोन्हीकडे वाड्या, शनिवारी मोटारींनी तुंबतो. अलिबागनंतर किहीम फाट्याला आत शिरा, आवास, सासवणे, मांडवा. मुख्य रस्त्यापेक्षा सावली जास्त.

मुळशीकर
एक गंमत. मुळशी धरणाचं पाणी पुण्याकडे येत नाही, बोगद्याने पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि कुंडलिकेला मिळतं. कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर. म्हणजे सकाळी उजव्या हाताला दिसलेलं पाणी संध्याकाळी कोलाडला परत भेटतं. धरणाखाली गेलेल्या गावांसाठी 1921 चा मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापटांचा. तिथे थांबलात तर एवढं आठवा.

पाणपोई
धरण सोडल्यावर विळ्यापर्यंत दुकानं तुरळक, सकाळी लवकर तर बंदच. दोन लिटर पाणी आणि ओआरएसच्या दोन पुड्या अंगावर हव्यात. कोकणात उतरलं की घाम वाळत नाही, तहान नसली तरी दर वीस मिनिटांनी दोन घोट. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर विळे-कोलाड पट्टा दुपारी नको.

नवखी_सायकल
परत यायचं कसं? लोकांनी बसच्या डिकीत टाकलेली सायकल वाकडी होऊन आलेली ऐकलंय.

उतारभाऊ
ताई, पुढचं चाक काढा आणि काट्याच्या दोन टोकांत लाकडाचा ठोकळा अडकवा, नाहीतर वर बॅग पडली की काटा दबतो. मागे सर्वात मोठ्या दात्यांवर चेन ठेवा, डिरेलर आत सरकतो. सायकल चेनची बाजू वर करून आडवी करा. पेडल काढताना डावं उलट आट्याचं असतं, जोर लावण्याआधी दिशा बघा.

रोह्याची
आणि अटल सेतूचा विचार डोक्यात आणू नका, दुचाकीलाही बंदी आहे. ईस्टर्न फ्रीवेचंही तेच. भाऊच्या धक्क्याबाहेर पी. डिमेलो रस्त्याला बंदराचे ट्रक असतात, माझगावातून भायखळ्याकडे निघा.

भजीप्रेमी
रो-रोत चहा मिळतो का?

रोह्याची
मिळतो. सायकल खालच्या गाड्यांच्या डेकवर जाते, बांधायला दोरी किंवा जुनी ट्यूब न्या. आणि घरी पोचलात की चेनवर आधी गोडं पाणी, मग तेल. खाऱ्या वाऱ्याने दोन दिवसांत तांबडी होते.