'वेंडेटा'ला मराठीत काय म्हणाल? सूड की दावा?

अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावच्या मॉर्गन अर्पबद्दल मराठीत लिहितोय आणि एका शब्दापाशी अडकलोय. वेंडेटासाठी, म्हणजे दोन घराण्यांत चालत राहणाऱ्या वैरासाठी, सगळीकडे 'सूड' दिसतो, पण सूड एकदा घेतला की हिशोब मिटला ना, इथे तर तो मिटतच नाही. २६ ऑक्टोबर १८८१ ला अर्प बंधूंशी झालेल्या ओके कोरलच्या गोळीबारात बिली क्लँटन आणि मॅकलॉरी बंधू असे तिघं मेले, मग २८ डिसेंबरला दबा धरून मार्शल व्हर्जिल अर्पवर बंदुकी झाडल्या, त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला, आणि १८ मार्च १८८२ च्या रात्री त्याचा धाकटा भाऊ मॉर्गन. हा बिलियर्ड खेळत होता, पाठ दाराकडे, दाराच्या काचेतून गोळी आली ती थेट मणक्यात, दुसरी त्यांचा भाऊ वायट बसला होता तिथे त्याच्या डोक्यावरून भिंतीत गेली. तासाभरात मॉर्गन गेला, वय ३०. अजून एक, त्याला 'कामी आला' म्हणावं का?

— माझं मत 'दावा'. आपल्याकडे अजून म्हणतात बघा, पावसानं दावा मांडलाय, नशिबानं दावा साधला. जुन्या मराठीत दावेदार म्हणजे वैरी, आजी भांडताना म्हणायची 'सात जन्माचा दावेदार आहेस माझा'. दावा धरतात, साधतात, म्हणजे तो मनात वर्षानुवर्षं राहतो, सूड नुसता उगवतात. डूख धरणं पण जवळचं आहे पण ते एकट्याचं, दाव्यात दोन्हीकडची घरंच्या घरं ओढली जातात. आणि कोर्टातला दावा पण हाच शब्द! ओके कोरलनंतर न्यायाधीश स्पायसरपुढे जवळपास महिनाभर सुनावणी चालली, अर्प बंधू सुटले, आणि ज्यांची माणसं मेली होती त्यांनी मग दुसरा दावा मांडला. मॉर्गनच्या खुनाचंही तसंच, संशयित पीट स्पेन्सच्या बायकोनं नावं सांगितली पण नवऱ्याविरुद्ध बायकोची साक्ष चालत नव्हती, केस पडली. वायट तर थांबलाच नव्हता, २० मार्चला टूसॉन स्टेशनात दुसरा संशयित फ्रँक स्टिलवेल याला मारला. एकाच शब्दात दोन्ही अर्थ असणं इथे इतकं चपखल बसतं की मी तरी दुसरा शब्द वापरणार नाही.

'कामी आला' मात्र नको. कामी येणं म्हणजे लढाईत, समोरासमोर. व्हर्जिलनं त्याला पोलिसात घेतलं होतं हे खरं, पण मारला तो बिल्ल्यासाठी नाही, अर्प म्हणून. 'दाव्यात गेला' लिहा.

— हो, 'दाव्यात गेला' एकदम बरोबर वाटतंय, पहिल्याच वाक्यात घेतो. व्हर्जिलला 'फौजदार' लिहिलं होतं, ते चालेल ना?

— चालेल, नगराचा पोलीसप्रमुखच होता तो. शेरीफला तेवढा फौजदार करू नका, तो काउंटीचा, गव्हर्नरनं नेमलेला, आणि त्या दोघांचं अजिबात पटत नव्हतं, वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.