विषय: ‘ओडिसी’ची पिवळी पानं, मदत हवी

नमस्कार मंडळी,

आपल्यात शाळेत इंग्रजी शिकवणारं कुणी असेल तर जरा मार्गदर्शन हवं आहे. मुलगा नववीत आहे. वर्गात होमरचं ‘ओडिसी’ हे प्राचीन ग्रीक महाकाव्य चालू आहे आणि दर आठवड्याला ठरलेल्या पानांचं ॲनोटेशन, म्हणजे वाचताना पानावरच खुणा आणि टिपा, करून न्यायचं असतं. या वेळी सायक्लॉप्सच्या, म्हणजे एकडोळ्या राक्षसाच्या, गुहेचा भाग होता. पठ्ठ्याने पानंच्या पानं पिवळ्या हायलाइटरने रंगवली. परत आली तेव्हा खाली बाईंचा शेरा होता, ‘तू वाचलंस हे दिसतं. तुला काय वाटलं ते दिसत नाही.’

दोन तास बसला होता हो त्यावर. फार हिरमुसला. आणि खरं सांगायचं तर बाईंना काय हवंय ते मलाही उमगलेलं नाही. पुस्तकात रेघोट्या मारायच्या नाहीत, हेच माझ्या हाताला लागलेलं वळण.

मुलाची आई

---

उत्तर: ‘ओडिसी’ची पिवळी पानं, मदत हवी

ताई,

मी बरीच वर्षं नववीला हेच शिकवतो आहे. शेरा अगदी योग्य आहे, आणि त्यात मुलाला नाउमेद करण्यासारखं काही नाही हे त्याला आधी सांगा. दोन तास मन लावून बसणारं पोर आहे, अर्धं काम तिथेच झालं.

हायलाइटर फक्त डोळा कुठून गेला ते सांगतो. मन कुठे अडखळलं ते सांगायला शब्द लागतात. म्हणून माझ्या वर्गात पेन्सिलच असते आणि नियम एकच: खूण केली की शेजारी समासात दोन-तीन शब्द लिहायचे. प्रश्न, शंका, राग, काहीही. शब्द सुचत नसतील तर खूण पुसून टाकायची.

त्याच गुहेचं उदाहरण घ्या. तो सायक्लॉप्स, पॉलिफीमस, घरी नसताना काव्याचा नायक ओडिसियस आणि त्याची माणसं आत शिरतात. माणसं म्हणतात, चीज आणि कोकरं उचलू आणि निघू. तो ऐकत नाही, त्याला यजमानाला भेटून भेटवस्तू हव्या असतात. मग ते तिथेच आग पेटवतात, देवांना भाग देतात, चीज खातात आणि वाट बघत बसतात. पॉलिफीमस आल्यावर हाच ओडिसियस त्याला बजावतो की पाहुण्यांचा पाठीराखा देवांचा राजा झ्यूस आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने चीजच्या ओळीशेजारी फक्त लिहिलं होतं, ‘विचारलं का?’ त्या दोन शब्दांवर माझा अर्धा तास गेला. पाहुणा आणि यजमान यांच्या नात्याला ग्रीक लोक ‘झेनिया’ म्हणत. ती आधी कुणी मोडली? माणसं खाणाऱ्या राक्षसाचा अपराध मोठा आहेच, पण सुरुवात? लगेच दुसरा म्हणाला, ही गोष्ट सांगतंय कोण? आणि खरंच, नववा ते बारावा हे चारही सर्ग ओडिसियस स्वतः अल्किनूस राजाच्या दरबारात सांगतो. पॉलिफीमसची बाजू आपल्याला मिळते तीही त्याच्या शत्रूच्या तोंडून.

ग्रीक पुराणकथा या कामाला फार सोयीच्या आहेत. पुढे काय होणार हे मुलांना बहुतेक वेळा ठाऊक असतं, त्यामुळे ती कशी सांगितली आहे याकडे बघायला सवड मिळते. पॅन्डोराचंच बघा, जिने झाकण उघडलं आणि रोगराई जगभर पसरली. सगळे ‘पेटी’ म्हणतात, पण प्राचीन ग्रीक कवी हेसिअडने लिहिलंय ‘पिथोस’, म्हणजे साठवणीचा मोठा रांजण. पेटी आली सोळाव्या शतकात, इरॅस्मस या विद्वानाच्या लॅटिनमधून. त्या रांजणात शेवटी आशा तेवढी उरते. मी मुलांना विचारतो, रोगराई बाहेर पडली तेव्हा ती माणसांपर्यंत पोचली. मग आशा आत राहिली म्हणजे माणसांसाठी राखून ठेवली, की माणसांपासून दूर ठेवली? विद्वानांतही यावर एकमत नाही. नववीच्या मुलाने समासात नुसतं ‘हे चांगलं की वाईट?’ लिहिलं, तरी तो त्याच वादात उतरला.

---

उत्तर: ‘ओडिसी’ची पिवळी पानं, मदत हवी

ताई, सरांनी लिहिलंय त्यात थोडी भर.

समासात लिहिणं म्हणजे पुस्तक खराब करणं, ही भीती तुमच्या मनातून जावी म्हणून लिहितो. होमरच्याच ‘इलियड’ या महाकाव्याचं दहाव्या शतकातलं एक प्रसिद्ध हस्तलिखित व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात आहे. त्याची छायाचित्रं मुलाला नक्की दाखवा. मधे होमरच्या ओळी आणि चहूबाजूंनी बारीक अक्षरातल्या टिपा. त्यात अलेक्झांड्रियाच्या ॲरिस्टार्कस या विद्वानाच्या खुणाही आहेत, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या. ओळ होमरची वाटली नाही की शेजारी एक आडवी रेघ. ओळ खोडायची मात्र नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं. शंका नोंदवली, पण ओळ पुढच्यांना वाचायला ठेवली.

आणि आपली ज्ञानेश्वरी तरी काय आहे? गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्यांची टीकाच की.

---

उत्तर: ‘ओडिसी’ची पिवळी पानं, मदत हवी

सर, काका, मनापासून आभार.

काल दोघं मिळून बसलो. तीच पानं नव्याने छापून घेतली आणि पेन्सिल घेतली. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग नाव सांगायच्या जागी थांबला. ओडिसियस आधी ‘माझं नाव कोणी नाही’ म्हणून जीव वाचवतो आणि निसटल्यावर जहाजावरून स्वतःचं खरं नाव ओरडून सांगतो. तिथे मुलाने लिहिलं, ‘गप्प बसता आलं असतं.’ पुढे पॉलिफीमस तेच नाव घेऊन आपल्या बापाकडे, समुद्रदेव पोसायडनकडे, शाप मागतो, तिथून उलटा बाण काढला.

एक मात्र विचारायचं आहे. ओडिसियसने डोळा फोडून आंधळा केलेला पॉलिफीमस आपल्या लाडक्या एडक्याच्या पाठीवर हात फिरवून विचारतो, आज तू सगळ्यांच्या मागे का, धन्याच्या डोळ्याचं दुःख झालं का? आणि गुहेतून निसटायला त्याच एडक्याच्या पोटाखाली ओडिसियस लटकलेला असतो. तिथे याने लिहिलंय, ‘मला इथे राक्षसाचं वाईट वाटलं.’ हे चालेल का? की बाई म्हणतील, हे ॲनोटेशन नाही?

---

उत्तर: ‘ओडिसी’ची पिवळी पानं, मदत हवी

चालेल, ताई. फक्त त्याला म्हणावं, नेमक्या कोणत्या शब्दाशी वाईट वाटलं त्याखाली एक रेघ ओढ.