भाऊ बेळगावला अग्निवीर ट्रेनिंगला आहे, फोनवर रडतो, घरच्यांनी काय करावं?

माणदेशी_ताई

नमस्कार सगळ्यांना. माझा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून मराठा लाईट इन्फंट्रीत लागलाय, सध्या बेळगावच्या सेंटरला ट्रेनिंग चालू आहे. आमच्या घरातून फौजेत गेलेला तो पहिलाच, त्यामुळे आम्हाला कुणालाच काही माहिती नाही. इथं असताना रोज पहाटे पळायचा, भरतीला १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढलं होतं, त्यामुळे वाटलं याला ट्रेनिंग काय जड जाणार. पण आता फोन आला की दोन शब्द बोलतो आणि रडायला लागतो. रगडा (अंग मोडेपर्यंत कसरत) लय आहे म्हणतो, झोप पुरत नाही, नडगी दुखते, आणि मागच्या वेळी आईला म्हणाला मला घेऊन जावा. तेव्हापासून आई नीट जेवत नाही. पप्पा म्हणतात मामाला घेऊन बेळगावला जाऊन येतो. चुलते म्हणतात परत आला तर गावात तोंड दाखवता येणार नाही, एवढा बॅनर लावलाय, आणि हे ते त्याला फोनवर पण बोलले. मला कळत नाही की पाच-दहा मिनिटांच्या फोनमधे आम्ही त्याच्याशी बोलायचं काय. ज्यांच्या घरातलं कुणी जाऊन आलंय त्यांनी प्लीज सांगा.

माजी_हवालदार

पोरी, मी त्याच सेंटरचा रंगरूट (ट्रेनिंगमधला नवा जवान) आणि नंतर तिथंच उस्ताद (ट्रेनिंग देणारा) होतो, म्हणून सांगतो. सुरुवातीचे आठवडे बॅरेकमधला निम्मा प्लाटून (तुकडी) रात्री तोंडावर चादर घेऊन रडतो, भरतीला पहिला आलेला पण रडतो. भरतीचं पळणं बुटात नसतं, पाठीवर वजन नसतं, आणि पळून झाल्यावर घरी जाऊन झोपता येतं. इथं पहाटे फॉल-इन (रांगेत हजर होणं), पीटी, मग ड्रिल, क्लास, संध्याकाळी खेळ, रात्री रोल कॉल (हजेरी), आणि मधल्या वेळात बूट पॉलिश, कपडे, साफसफाई. अंगाला सवय नसते आणि त्यात उस्तादाचा आवाज सतत कानात. पण हे असंच राहत नाही. सुरुवातीला शरीर मोडल्यासारखं वाटतं, पुढं हत्यार हातात येतं, फायरिंग सुरू होतं, तेव्हा बहुतेक पोरांचा सूर बदलतो. सगळी ट्रेनिंग सात महिन्यांच्या आसपास चालते.

आता महत्त्वाचं. नडगीचं दुखणं अंगावर काढू देऊ नका. दिवसभर बुटात पळून, पाय आपटून हाडावर ताण येतो आणि तसंच दामटलं तर बारीक फ्रॅक्चर होतं, मग महिनाभर किंवा जास्तच बसावं लागतं. पोरं एमआय रूमला (सेंटरच्या दवाखान्यात) जात नाहीत कारण नाव पडेल, मागच्या बॅचला टाकतील अशी भीती. त्याला स्पष्ट सांगा की दुखणं एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येत असेल, रात्री झोपेत पण ठणकत असेल, तर उद्याच उस्तादाला सांगून डॉक्टरकडे जा. घरून पेनकिलर पाठवू नका, गोळी खाऊन पोरगं पळतं आणि हाड आणखी बिघडतं.

आणि वडिलांना म्हणावं असं अचानक जाऊ नका. परवानगीशिवाय भेट होत नाही, आणि पप्पा गेटपर्यंत येऊन गेले हे पोराला कळलं की त्याचा पुढचा आठवडा खराब.

गडहिंग्लजची_काकी

ताई, माझा मुलगा आता युनिटला आहे, आमच्याकडं घरटी एक तरी फौजी असतो पण म्हणून आईचा जीव कमी तुटतो असं नाही. मी काय करायचे ते सांगते. फोन आला की आधी त्याला बोलू द्यायचं, रडला तर रडू द्यायचं, "अगं बाई काय झालं" करून आपण पण रडायचं नाही. मग "जेवलास का" च्या ऐवजी "आज लंगरात (जेवणघरात) काय होतं, बाजूच्या खाटेवर कोण आहे, कुठल्या गावचा" असं विचारायचं म्हणजे तो तिथल्या पोरांबद्दल बोलायला लागतो, आणि जोडीदार मिळाला की अर्धं ओझं उतरतं बघ. घरातली भांडणं, उसनवारी, कुणाचं आजारपण हे फोनवर नको (खरंच मोठं काही असेल तर लपवू पण नका, मोठ्या माणसानं नीट सांगावं).

आणि चुलत्यांना हात जोडून सांगा की बॅनरचा विषय बंद. ते पोर आधीच थकलंय, त्यावर गावाची लाज कशाला टाकता.

पत्र लिहा. आजकाल कुणी लिहीत नाही पण फोन मिनिटात संपतो, पत्र तो उशीखाली ठेवतो आणि परत परत वाचतो. पत्त्यावर त्याचा नंबर, नाव, प्लाटून, कंपनी नीट लिहा, तो फोनवर सांगेल. शेतात काय पेरलं, म्हैस व्याली का, जत्रेत काय झालं हे लिहायचं, उपदेश नको.

कोथरूड_पुणे

माझं मत वेगळं आहे. मुलगा स्वतः म्हणतोय घेऊन जा, तर का ऐकत नाही? नोकऱ्या हजार मिळतील. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, त्यानंतर चौघातला एकच कायम ठेवणार आहेत मग एवढा त्रास कशासाठी?

माजी_हवालदार

दादा, चिंता समजते, पण थकून रडणं आणि खरोखर बिघडणं यात फरक आहे. रडतोय, तक्रार करतोय, घरची आठवण काढतोय म्हणजे तो बोलतोय, ते बरं लक्षण. काळजी तेव्हा करावी जेव्हा तो बोलायचाच बंद होतो, जगण्यात अर्थ नाही असलं काही म्हणतो, किंवा कुणी मारहाण केल्याचं सांगतो. तेव्हा पुढच्या फोनची वाट बघायची नाही, सेंटरला फोन लावून कंपनीच्या सुभेदार साहेबांशी नाहीतर कंपनी कमांडरशी बोलायचं, आणि सरळ बोलायचं. आणि अग्निपथमधे (अग्निवीर भरतीची योजना) स्वतःहून मधेच सोडायची परवानगी फक्त अपवादात्मक कारणाला मिळते, मामानं जाऊन गाडीत बसवून आणायचा हा प्रकार नाही. चार वर्षांचा प्रश्न खरा आहे, पण तो आत्ता त्याच्या डोक्यात घालू नका.

माणदेशी_ताई

खूप आभार सगळ्यांचे. आईला काकींचं वाचून दाखवलं, ती म्हणाली मी लिहिते पत्र. अजून एक, पप्पांनी भरतीच्या अकॅडमीसाठी कर्ज काढलं होतं ते त्याला माहिती आहे, फोनवर विचारतो पगार कधी येईल, हप्ता भरला का. यावर काय सांगू?

तोफखाना_भाऊ

ताई, माझा भाऊ नाशिकला आर्टिलरी सेंटरला होता, तो पण हेच विचारायचा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० धरतात, त्यातले ९,००० सेवा निधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या पैशात) जातात, म्हणजे हातात २१,००० च्या आसपास. हप्ता आम्ही बघतोय, तू त्याचं टेन्शन घेऊ नको एवढंच सांगा, आणि पप्पांनी स्वतः सांगितलं तर जास्त पटेल त्याला. ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता त्याला भरावा लागत नाही. वारसाचं नाव, आधार, बँक पासबुक सगळीकडं स्पेलिंग एकच आहे का ते घरून तपासून ठेवा, तिथं बसून दुरुस्त्या करायला त्याला वेळ मिळत नाही.

अजून एक, बाकी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. "तुमचा मुलगा ॲडमिट आहे, पैसे पाठवा" असे फोन फौजींच्या घरी येतात, एक रुपया टाकू नका, आधी सेंटरला विचारा. आणि वर्दीतला फोटो, सेंटरचं नाव, कंपनी असं स्टेटसला टाकू नका, चुलत्यांना पण सांगा.

गडहिंग्लजची_काकी

आणि ताई, कसम परेडला (ट्रेनिंग संपताना शपथ घेतात ती परेड) घरच्यांना बोलावतात, तेव्हा आईला नक्की घेऊन जा. आदल्या दिवशीच बेळगावला मुक्कामाला जावा, सगळ्यांची ओळखपत्रं बरोबर ठेवा, परेड सकाळी लवकर असते. पोरगं वाळलेलं दिसेल, आईला आधीच सांगून ठेव.