आधी उभ्याने एक्स-रे काढा

‘कधीतरी बदलायचाच आहे, तर आत्ताच सांधा बदलून मोकळं व्हा’ असं गुडघा किंवा खुबा झिजलेल्यांना सांगितलं जातं. हे मत सत्तरीतल्या माणसाबाबत मला पटतं, पन्नाशीच्या आतबाहेर असलेल्यांबाबत अजिबात नाही. 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या रुग्णांचा मोठा अभ्यास आला होता. सत्तरीनंतर सांधा बदलला तर तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता आयुष्यभरात साधारण 5 टक्के. पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांत मात्र ती 35 टक्क्यांपर्यंत जाते. आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघडच असते, कारण हाड कमी उरलेलं असतं.

दुसरा मुद्दा म्हणजे पायाचा बाक. माझ्या भावाच्या गुडघ्याची फक्त आतली बाजू झिजली होती, बाहेरची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) चांगली होती. डॉक्टरांनी त्याला उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंत एकच लांब एक्स-रे काढला, त्यावर रेघ मारून दाखवली: सगळा भार आतल्या कडेवरून जात होता. मग नडगीचं हाड वरच्या बाजूला कापून, कोन बदलून प्लेट बसवली. काही आठवडे कुबड्या होत्या, आता तो स्वतःच्याच गुडघ्यावर चालतो. झोपवून काढलेल्या एक्स-रेत हा भार कळत नाही. सगळा गुडघा झिजला असेल किंवा आमवातासारख्या आजाराची सूज असेल तर हा उपाय चालत नाही, तिथे सांधा बदलणंच बरं. खुब्याचा रक्तपुरवठा तुटला असेल तर मात्र थांबू नका: मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खचण्याआधीच तो वाचवता येतो, आणि त्या टप्प्यावर साधा एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो, एमआरआयच लागतो.